बाऊजी आणि फुटबॉलचा भाव

माझ्या मुलीची नवी जर्सी घरी आली, तेव्हा ती तिच्या अंगावर चढण्याआधी बाऊजींच्या हातात गेली. बाऊजी म्हणजे माझे सासरे. खांडबाऱ्यात आमचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या वडिलांनी राजस्थानातून येऊन थाटलेलं. कापड दिसलं की बाऊजींचा हात आपोआप पुढे जातो. लग्नाच्या मांडवात बसलेले असले तरी शेजारच्याच्या सदऱ्याची बाही ते चाचपून बघतात. जर्सीची कड त्यांनी बोटांत धरून चोळली, उजेडाकडे धरली आणि मला विचारलं, "केवढ्याला?"

मी सांगितलं.

"चड्डी, मोजे धरून?"

"नाही बाऊजी. नुसत्या जर्सीचे. बाकीचं वेगळं."

त्यांनी जर्सी उलटी करून शिवण बघितली. मग म्हणाले, "बिनणी, हे सुरतचं कापड आहे. एवढ्या पैशात मी पोरीच्या अख्ख्या वर्गाला शिवून देईन." सुनेला ते बिनणी म्हणतात. रागावले की हाक जरा लांबवतात. त्या दिवशी बरीच लांबली होती.

खरं तर मुलगी फुटबॉल खेळायला लागली तेव्हा आम्हाला काहीच खर्च नव्हता. शाळेचे खेळाचे सर शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे, अंगाने काटक. त्यांनी शाळेमागच्या पडीक जागेतले दगड पोरींकडूनच वेचून घेतले, बांबूचे गोल उभे केले आणि एका चेंडूवर चौदा पोरींना पळवलं. गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माझ्या मुलीला उभं केलं. ती उंच होती आणि पळायचा तिला कंटाळा होता. पुढे तिला ते इतकं आवडलं की घरात चालता चालता कोणी लिंबू टाकलं तरी ती झेप घ्यायची.

समोरून गोल मारणारी होती तिची मैत्रीण. ती अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जायचे, म्हणून ती आमच्या गावच्या वसतिगृहात राहून शिकत होती. दिसायला बारीक, पण चेंडू पायाला लागला की तो तिच्याकडून काढून घेणं कोणाला जमत नसे. शाळा सुटल्यावर या दोघींचं तासभर एकच चाले. तिने मारायचं, हिने अडवायचं.

मग नंदुरबारला एक अकादमी निघाली. सरच आम्हाला म्हणाले, "ताई, पोरीस्ले तठे धाडा. माले येवढंच येस." दोघी गेल्या. मैत्रिणीला त्यांनी फुकट घेतलं, आमच्याकडून फी घेतली. शनिवार-रविवार गाडीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. मी सोबत जायची. पहिलं वर्ष झेपलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या फीमध्ये तीनच महिने निघू लागले. बूट अकादमीने सांगितले तेच हवेत, आणि वाढत्या वयाचे पाय तर सहा महिन्यांत त्या बुटांत बोटं दुमडून बसायचे. गोलकीपरच्या हातमोज्यांचे तळवे सोलून निघायचे, ते मी शिलाई मशीनवर रेक्झिनचे तुकडे लावून दुरुस्त करायची. त्यात पुण्याच्या स्पर्धेचं 'पॅकेज' आलं. बस, हॉटेल, जेवण सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं. आपण आपलं जायचं म्हटलं तरी चालणार नव्हतं. आणि फुकटच्या जागा बंद झाल्या. मैत्रिणीचं येणं थांबलं.

जर्सी आली ती याच सुमाराला. पुढच्या शनिवारी बाऊजी म्हणाले, "आज पोरीबरोबर मी जातो." मला धोका कळायला हवा होता. मीही गाडीत चढले, पण त्यांना थांबवू शकले नाही.

मैदानावर प्रशिक्षक होता नाशिककडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. बाऊजींनी त्याला आधी नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली, आणि मग दुकानात व्यापाऱ्याशी बोलतात तसे बोलू लागले.

"सर, आमच्या गावातून अजून चार पोरी देतो. एकदम पाच. बोला, काय लावता?"

"काका, फी ठरलेली असते. कमी होत नाही."

"जगात ठरलेलं काही नसतं. बरं, फी राहू द्या. कपडे आम्ही आमचे शिवतो. रंग तुमचा, नक्षी तुमची."

"काका, नियम वरून येतात. बाहेरची जर्सी चालत नाही."

"वरून म्हणजे कुठून? त्यांचा फोन लावा."

आजूबाजूला पालक जमले. एक-दोघं हसत होते, पण बरेचसे मान पुढे करून ऐकत होते, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. प्रशिक्षकाचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मला हे देतात किती, ते ऐकलंत तर तुम्ही मलाच चहा पाजाल."

बाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग खरोखरच त्याला बाहेरच्या टपरीवर घेऊन गेले आणि चहा पाजला. भाव मात्र काही उतरला नाही.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर माझ्यापुढे रडली. "सगळ्यांसमोर! जसं काही मी साडीचा पीस आहे. आता मी तिथे जाणारच नाही." त्या दिवसापासून ती आजोबांशी बोलेनाशी झाली. रोज शाळेतून आल्यावर ती दुकानात डोकावून, "दादाजी, चला जेवायला," म्हणायची, ते बंद झालं. बाऊजी वेळेवर घरी यायचे, ताटावर बसायचे, आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडून लोणचं मागून घ्यायचे. भात अर्धा टाकून उठायचे. अन्न टाकणारा माणूस नव्हे तो. माझ्या नवऱ्याने दोघांनाही समजावून पाहिलं आणि दोघांकडूनही बोलणी खाल्ली.

एका सकाळी मी मुलीला विचारलं, "खरं सांग, आजोबांमुळेच जात नाहीस का?"

ती खूप वेळ चपलेचा बंद ओढत बसली. "तिथे मला गोल मारणारं कोणी नाही, मम्मी. सगळ्या हळू मारतात."

म्हणजे खरं दुखणं मैत्रिणीचं होतं. मी हे बाऊजींना सांगितलं.

नोव्हेंबरात खेळाचे सर दुकानात आले. बाऊजींनी गादीवरून सरकून जागा दिली. सर म्हणाले, "बाऊजी, बारडोलीले पोरीस्नी स्पर्धा शे. चौदा वर्षांखालनी. कोनीबी उतरी सकस. पोरी मी तयार करस, बाकीनं तुम्हीं दखा."

"कपडे माझ्याकडे," बाऊजी म्हणाले. त्यांनी एवढंही विचारलं नाही की स्पर्धेत किती पोरी लागतात.

दुसऱ्या दिवशी ते सुरतेला गेले. चार दिवसांनी गठ्ठा आला. उघडला तर आत पोपटी रंग. साधा पोपटी नव्हे, डोळ्यांना झोंबणारा. कुठल्याशा व्यापाऱ्याकडे शिल्लक पडलेला माल त्यांनी उचलला होता. गोलकीपरचा रंग वेगळा लागतो हे सरांनी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, म्हणून माझ्या मुलीसाठी नारिंगी. पोरी किंचाळल्याच. "दादाजी, आम्ही मिरच्या दिसणार!" असं म्हणून माझी मुलगी हसली, आणि आजोबांशी बोलायचं नाही हे विसरून गेली. बाऊजी शांतपणे म्हणाले, "लांबून ओळखू येईल."

बारडोलीला आम्ही रेल्वेने गेलो. अकरा पोरी आणि तीन राखीव, सर, मी, अजून दोघींच्या आया, आणि बाऊजी. उतरायची सोय त्यांच्या ओळखीने एका जैन धर्मशाळेत झाली. मी दोन दिवस खपून खाखरे, ठेपले, शेव असं बांधून नेलं होतं. ते नवापूर सोडायच्या आतच निम्मं संपलं.

धर्मशाळेत जेवण सूर्य मावळायच्या आत. आपल्या दादाजींच्या ओळखीची जागा म्हणून पोरींनी मुकाट्याने खाल्लं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या सामन्यावरून पोरी पुढे आल्या, मागून आम्ही पोचलो तर वासाने बाऊजी फाटकातच थबकले. वसतिगृहातल्या पोरींनी डब्यातून सुक्या मासळीची चटणी आणली होती आणि खोलीत डबा उघडला होता. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. पोरींचे हात भाकरीवर तसेच थांबले.

बाऊजी दारातच उभे राहून म्हणाले, "इथे नको. हे देवाचं घर आहे. समोर लिंबाखाली बसा." पोरी डबे उचलून निघाल्या. मग मागून म्हणाले, "पाणी घेऊन जा. तिखट असेल." आणि स्वतः फाटकाजवळ पाठ करून उभे राहिले, त्यांचं खाऊन होईपर्यंत. व्यवस्थापक आला तेव्हा त्याच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करून त्यांनी त्याला आत परत धाडलं.

पहिला सामना आम्ही सहज जिंकलो होतो. दुसरा त्या दुपारचा. सामना सुरू व्हायच्या थोडं आधी मैदानाच्या दोरीपलीकडे एक बाई आणि एक माणूस येऊन उभे राहिले. बाईचं लुगडं धुतलेलं, केस तेल लावून बसवलेले, आणि हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे. मैत्रिणीचे आईवडील. त्यांचा ऊसतोडीचा तळ तिथून जवळच होता. सरांनी निरोप धाडला होता आणि मुकादमाने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. मुलीला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. पाच महिने ते तिच्यापासून दूर असत, आणि उरलेल्या महिन्यांत गावाकडे मैदान कुठून आणायचं?

मी खुर्च्यांकडे बोलावलं, तर ते लाजून मागे सरले. बाऊजी उठून गेले आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलले. चाळीस-पन्नास वर्षं डोंगरातल्या गिऱ्हाइकांना कापड विकून ते शिकलेले. ऐकताच त्या माणसाचा चेहरा मोकळा झाला. तिघे येऊन बसले. वडील मैदानाकडे बघत राहिले आणि थोड्या वेळाने बाऊजींना काही विचारू लागले. नंतर बाऊजींनी मला सांगितलं, ते विचारत होते, सगळ्या एकाच रंगाच्या, त्यात माझी कुठली?

तेवढ्यात ती निघालीच. मधल्या रेषेपासून चेंडू घेऊन तिने तिघींना चकवलं आणि गोल मारला. तिची आई उठून उभी राहिली आणि तोंडावर पदर धरून तशीच उभी राहिली. वडील बसूनच होते, पण त्यांनी बाऊजींचा हात इतका घट्ट धरला होता की बाऊजींना टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

तो सामना आम्ही हरलो. समोरची टीम वडोदऱ्याची, सगळ्या पोरी सरावलेल्या. माझ्या मुलीने पाच-सहा चेंडू अडवले, दोन सुटले. शिट्टी झाल्यावर ती गोलमध्येच उकिडवी बसून राहिली. मी जायच्या आत तिची मैत्रीण तिच्याजवळ पोचली आणि तिला ओढून आपल्या आईकडे घेऊन आली. त्या बाईने माझ्या मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी पुसला. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, तरी दोघी बोलत होत्या.

निघताना त्या दोघांनी पोरींसाठी उसाची मोळी आणून दिली. गाडीत खालून वरपर्यंत चघळलेल्या उसाच्या चोयट्या झाल्या. डब्यातल्या एका बाईने तक्रार केली, तर बाऊजींनी तिच्याही हातात एक कांडं दिलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. मैत्रीण सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीत पास झाली. तिथे खेळ, शाळा, खाणं सगळं मोफत आहे. माझ्या मुलीनेही चाचणी दिली होती, तिची निवड झाली नाही. तो आठवडा घरात फार जड गेला. आम्ही तिला पुन्हा अकादमीत घालायची तयारी दाखवली, कसंही करून भागवू म्हटलं. फी तोवर अजून वाढली होती. ती नको म्हणाली. मी तिला खोदून विचारलं, आमच्याकडे बघून नको म्हणतेस का? ती म्हणाली, "थोडं तेही आहे. पण मला आपल्या टीममध्ये खेळायचंय." मी त्यावर विश्वास ठेवला. अजूनही कधीकधी वाटतं, जास्त पैसे असते तर तिने दुसरं उत्तर दिलं असतं का. ते मला कधी कळणार नाही.

ती आता दहावीत आहे. रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर सर मोठ्या पोरींना घेतात आणि ही लहान पोरींना झेप घ्यायला शिकवते. गुडघे दुखतात म्हणून बाऊजी आता जात नाहीत. ती घरी आली की हातपाय धुवायच्या आधी त्यांच्याजवळ बसते आणि सामन्यात काय काय झालं ते सगळं सांगते. ऑफसाइड काय असतं ते त्यांना अजून समजलेलं नाही. ती दर रविवारी तवा, तांब्या आणि वाट्या जमिनीवर मांडून समजावते, आणि मी स्वयंपाक थांबवून बघत बसते.