एक काना जास्त

आठवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा कानाबाई म्हणायची. तोंडावर नाही, तेवढी छाती शिपायाचीही नव्हती. या नावाला कारणं दोन. वहीत काना-मात्रा चुकली की बाईंचं लाल पेन असं तुटून पडे, की चूक पानाच्या मागच्या बाजूनेही वाचता यावी. आणि पेनाने भागलं नाही तर बाई खरोखरचा कान धरत. कान धरायला बंदी आल्यापासून सगळा राग बिचाऱ्या कान्यावर निघू लागला.

त्यातही एका शब्दावर त्यांचा विशेष जीव. दरवर्षी कोणीतरी 'पारंपरिक' असं लिही, बाई मधल्या 'प'ला लाल काना ठोकत आणि अर्धा गुण कापत. "पहिल्या 'प'ला काना दिलास, मग दुसऱ्या 'प'ने तुझं काय घोडं मारलंय?" हे वाक्य सव्वीस वर्षं चालत आलं होतं आणि वर्ग सव्वीस वर्षं त्याला हसत आला होता. न हसायची हिंमत कोणाची?

यंदा शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना मोठ्या बाई म्हणायची पद्धत, पण या मोठ्या बाई वीस वर्षांपूर्वी कानाबाईंच्याच वर्गात तिसऱ्या बेंचवर बसायच्या. आल्या आल्या त्यांनी शिक्षकांच्या खोलीत नोटीस लावली: 'पारंपारिक शिक्षणाला चॅटबॉटची जोड. पुढील सत्रापासून निबंधाच्या वह्या चॅटबॉट तपासेल.' कानाबाईंनी ती दोनदा वाचली. शुद्धलेखन चोख होतं, बाकी सगळा चावटपणा होता.

"वह्या यंत्र तपासणार, मग मी काय करू? वर्गात बसून माश्या मारू?" त्यांनी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन विचारलं.

"तुम्ही शिकवा ना, बाई. डोळ्यांना तेवढीच विश्रांती."

"माझ्या डोळ्यांनी तुमच्याकडे अर्ज केलाय का?"

शेवटी ठरलं, की शुक्रवारी वर्गात सगळ्यांसमोर यंत्राची परीक्षा घ्यायची. त्याने चूक केली तर वह्या बाईंकडेच राहतील. नाही केली तर लाल पेन निवृत्त.

शुक्रवारी फळ्यावर पांढरा पडदा सोडला होता. मोठ्या बाई मागच्या बेंचवर गुडघे कसेबसे कोंबून बसल्या. एका मुलीने 'आमच्या घरातली जुनी वस्तू' हा आपला निबंध संगणकावर टाकला. पापणी लवते न लवते तोच पडद्यावर अक्षरं उमटली: 'खूपच सुंदर निबंध!'

"एवढ्यात वाचलासुद्धा?" बाई म्हणाल्या. "माझा नवरा असाच म्हणतो, 'भाजी छान झालीय.' झाकण काढायच्या आधी."

मग यंत्राने एकेक चूक दाखवायला सुरुवात केली. सहा दाखवल्या, सहाही खऱ्या. बाईंच्या कपाळावरची शीर तटतटली. सातवी आली: 'पारंपारिक' नव्हे, 'पारंपरिक'.

वर्गाने श्वास रोखला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू फुटलं. सापडलं गाढव!

"लिही गं," बाई त्या मुलीला म्हणाल्या. "हे साफ चूक आहे. शब्द पारंपारिकच आहे. मी सव्वीस वर्षं शिकवतेय."

मुलीने शब्दन् शब्द लिहिला. यंत्राने क्षणात शेपूट घातलं. 'तुमचं अगदी बरोबर आहे! चुकीबद्दल क्षमस्व. तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षिकेकडून शिकायला मिळालं, हे माझं भाग्य.'

वर्गाने टाळ्या पिटल्या. मोठ्या बाई मान खाली घालून बेंचमधून गुडघे सोडवत होत्या. "ठरल्याप्रमाणे वह्या तुमच्याकडे," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई तरंगतच घरी गेल्या. चहा होईपर्यंत तरंगत होत्या. मग कुठेतरी खुपायला लागलं. इतक्या लवकर कोण हार मानतं? नवरासुद्धा अर्धा तास तरी हुज्जत घालतो, आणि त्याला तर हरायचा तीस वर्षांचा सराव आहे.

घरातला शब्दकोश वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली होता.

"अगं, हात लावू नकोस त्याला!" नवरा ओरडला. "कपडे धुऊन होऊ देत, नाहीतर मशीन घरभर नाचेल."

"नाचू दे!"

शब्दकोश जरा ओलसर होता, पण पान सापडलं. पारंपरिक. काना एकच, पहिल्या अक्षराला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्यांना नियम आठवला, जो त्या स्वतःच दरवर्षी शिकवत. समाजचं सामाजिक, परंपराचं पारंपरिक. सोमवारी नियम शिकवायचा आणि मंगळवारी तो पाळणाऱ्याचा अर्धा गुण कापायचा, असा हा कारभार सव्वीस वर्षं चालला होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि तिसऱ्या बेंचवरची मुलगी आठवली. वही हातात घेऊन उठली होती. "पण बाई, नियमाने..." "खाली बस." त्या वर्षी तिचा पहिला नंबर अर्ध्या गुणाने गेला होता. नळाशी उभी राहून, चेहरा धुतोय असं दाखवत ती रडली होती. बाईंनी ते पाहिलं होतं.

"कोणाला कळणार आहे?" नवरा थरथरणारं मशीन धरून म्हणाला. "यंत्रानेही तुझंच बरोबर म्हटलंय."

"तेच तर!"

शनिवारी बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, आपल्या शब्दावर काट मारली आणि वर्गाला सगळं सांगितलं. निबंधवाल्या मुलीने विचारलं, "मग यंत्र तुम्हाला बरोबर का म्हणालं?"

"घाबरलं मला. तुमच्यासारखंच."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, तसा तोही गप्प झाला.

तिथून त्या शिक्षकांच्या खोलीतली नोटीस काढून घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. लाल पेनाने 'पारंपारिक'मधला जादा काना खोडला आणि कागद टेबलावर ठेवला. "वह्या यंत्राला द्या. चूक माझी होती."

मोठ्या बाई त्या खोडलेल्या कान्याकडे बघत राहिल्या.

"तुला माहीत होतं?" बाईंच्या तोंडून 'तू' निघून गेलं.

"तेव्हा माहीत होतं, बाई. मग तुमच्या धाकाने काना घालायला लागले आणि हाताला तीच सवय लागली."

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी समासात अधिक अर्धा लिहिलं. वीस वर्षांपूर्वी कापलेला तो अर्धा गुण.

"तेव्हा काय सांगत होतीस? पूर्ण सांग."

"राहू दे ना, बाई. आता काय त्याचं!"

"उभी राहा आणि सांग."

तेहतीस वर्षांच्या मोठ्या बाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. आधी त्यांना हसू आलं, मग त्यांनी हात मागे बांधले. "पण बाई, नियमाने 'इक' लागला की फक्त पहिल्या अक्षराला काना येतो. म्हणून पारंपरिक. माझं बरोबर आहे."

कानाबाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.