मागच्यांची विश्रांती

ज्या माणसाने तो वॉक ठरवला होता, त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. नवऱ्यावरचा उतरला, पण त्यालाही बरेच दिवस लागले.

दोन हजार सहाचा उन्हाळा होता. पुण्याहून लंडनमधल्या हाउन्सलोला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सीनियरला चालायचं वेड. त्याने चौदा मराठी मंडळी जमवली आणि बेत जाहीर केला : लंडनच्या दक्षिणेला सरेच्या टेकड्यांमधून बावीस मैल, एका दिवसात. नकाशा एकच होता. तो त्याच्या गळ्यात, प्लास्टिकच्या पाकिटात लटकत होता.

आमच्याबरोबर एक काकू होत्या. ग्रुपमधल्या एकाच्या आई, तीन महिन्यांसाठी आलेल्या, वय बासष्ट. पुण्यात त्या रोज सकाळी हनुमान टेकडी चढायच्या, म्हणून त्यांची काळजी कुणालाच नव्हती. पण मुलाने आदल्या दिवशी त्यांना नवेकोरे बूट आणून दिले होते. "ब्रँडेड आहेत, आई, काही होत नाही," असं तो सकाळी ट्रेनमध्ये म्हणाला होता. पाचव्या मैलाला काकूंना टाचा टेकवेनात. मुलगा तेव्हा पार पुढे होता. माझा नवराही त्याच्याबरोबर होता.

मी काकूंबरोबर मागे राहिले. दर तासाभराने पुढचे लोक एखाद्या फाटकापाशी थांबायचे. पाणी प्यायचे, चिक्की खायचे, गवतावर पाय पसरायचे. आम्ही दोघी पोचलो की सीनियर घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "आले सगळे? चला." म्हणजे त्यांना पंधरा मिनिटं विश्रांती आणि आम्हाला शून्य. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "पाच मिनिटं थांबा ना, काकूंना बसू दे."

"शेड्यूल आहे," तो म्हणाला. "हळू चालणाऱ्यांनी थोडा स्पीड वाढवायला हवा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो बुटाची लेस बांधत होता.

थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की काकू पाणीच पीत नाहीयेत. बाटली काठोकाठ भरलेली. मी विचारलं तेव्हा त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, प्यायले की जावं लागतं. थांबायला कुठे मिळतंय?" सकाळपासून त्या तशाच चालत होत्या. माझं डोकं तडकलं, पण ते ऐकायला तिथे कुणीच नव्हतं. मग एका झाडीकडे पाठ करून मी पहारा दिला आणि नंतर त्यांना अर्धी बाटली प्यायला लावली.

तेवढ्यात पुढचे दिसेनासे झाले. जंगलात वाटेला दोन फाटे फुटले होते. बाण नाही, मोबाइलला सिग्नल नाही. आम्ही उजवीकडे गेलो आणि चुकलो. पाऊण तासाने एका शेताच्या कडेला कुत्रा फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. आमची अवस्था बघून त्यांनी काही विचारलं नाही. काकूंना आपली काठी दिली आणि दीड मैल आमच्या चालीने चालत आम्हाला गावातल्या पबपर्यंत आणून सोडलं.

पबच्या बागेत आमची मंडळी बसली होती. चिप्सच्या प्लेटी रिकाम्या. सीनियर हसत उठला. "वा, आलात! परफेक्ट टायमिंग. चला, निघू या."

मी त्याच्या गळ्यातला नकाशा ओढून काढला. दोरी त्याच्या कानाला अडकली, तरी ओढला. बाकावर ठेवला आणि त्यावर बसले.

"आता काकू जेवतील," मी म्हणाले. "सावकाश. मग अर्धा तास बसतील. ज्याला घाई असेल त्याने जावं, नकाशाशिवाय."

"हा काय बालिशपणा आहे?" तो म्हणाला.

"एका बाईला तुम्ही रस्त्यात टाकून आलात आणि बालिश मी?"

नवरा पुटपुटला, "अगं, सीन नको करूस."

"तू तर बोलूच नकोस. आम्ही आलो नाही हे तुला केव्हा कळलं? चिप्सच्या आधी की नंतर?"

त्याने रिकाम्या प्लेटींकडे बघितलं. म्हणजे नंतर.

काकूंच्या मुलाने आईचे बूट काढले. मोज्यांना रक्त चिकटलं होतं. ते बघून तो खाली मान घालून तसाच बसून राहिला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याचाही मला राग आला. इतक्या लवकर कशाला माफ करायचं?

पबच्या मालकिणीने टॅक्सी बोलावली. काकू आणि मुलगा त्या टॅक्सीने स्टेशनवर जायला निघाले. मी नकाशा परत दिला आणि त्यांच्याबरोबरच टॅक्सीत बसले. नवरा दारापाशी घुटमळला. "मी येऊ?"

"तुझं तू ठरव," मी म्हणाले.

तो आला. ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती, तरी तो समोर बसला. आम्हाला उतरायचं होतं त्या फेल्टम स्टेशनपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही.