मोगऱ्याचा गार चहा

चूक माझीच होती, आणि मोगऱ्याचा वास आला की ती अजून टोचते. वडील गेल्यावर मी आईला शिरढोणहून खांदा कॉलनीतल्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा तिने सोबत फक्त मोगऱ्याची कुंडी घेतली. डॉक्टरांनी माझी साखर बंद केली होती, म्हणून मोबाइलवर बघून ती ग्रीन टी करायला शिकली. गार झालेल्या चहात ती संध्याकाळी कळ्या सोडायची, रात्रभर झाकून ठेवायची आणि सकाळी फुलं काढून बर्फ घालायची. "मना आता फुला माळाची नाय, तुज्या चायला तरी जाऊंदे," म्हणायची. एका रविवारी ऑफिसमधले मित्र आले. तिने हौसेने ग्लास भरून आणले. "काकू, वास कसला हो?" एकाने विचारलं. तिच्याआधी मीच बोललो, "निर्माल्याचा. खाडीत सोडायचं ते आई आम्हाला पाजते." सगळे हसले. आईही हसली आणि ट्रे घेऊन आत गेली. पुढे कळ्या कुंडीतच पिवळ्या पडू लागल्या. थोड्याच दिवसांत, "घर बंद ठेवला तं बरा नाय," म्हणत ती कुंडी माझ्याकडेच ठेवून गावी परतली, आणि मी तिला थांबवलं नाही. या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. मी तसाच चहा करून थर्मासमधून नेला आणि चमच्याने तिच्या ओठांना लावला. तिने डोळे मिटून वास घेतला. "मोगऱ्याला पानी घालतस ना?" "घालतो," मी म्हणालो. "आई, तुझ्या फुलांना मी निर्माल्य म्हणालो. चुकलो गं. मला माफ कर."