अल्सेशियनसाठी जवळा

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या श्रीवर्धनच्या वाडीत अल्सेशियनचं पिल्लू आलं. सुपाऱ्या चोरीला जात होत्या आणि राखणीला ठेवलेला गडीच त्यातल्या काही नेत असावा, असा सासूबाईंचा संशय होता. माझे यजमान मुंबईला नोकरीला. त्यांच्या साहेबांची कुत्री व्याली, तेव्हा त्यांनी एक पिल्लू टोपलीत घालून बोटीने आणलं. बरोबर कुत्र्याच्या बिस्किटांचे दोन डबे होते. "मोठ्या जातीचं आहे, खाणं लागेल," एवढं सांगून ते परत गेले.

डबे संपले. मग पिल्लू आम्ही खातो ते खाऊ लागलं, म्हणजे ताकभात, वरण, भाकरी. आमच्या घरात मासळी शिजत नाही. पिल्लू भराभर उंच झालं, पण पुढचे पाय कमानीसारखे वाकत चालले. उभं राहिलं की दोन पायांमधून मांजर जाईल एवढी जागा राही.

"हे चोराला वाकून नमस्कार करणार," सासूबाई म्हणाल्या.

वैशाखात यजमान आले आणि त्यांनी ते पाय पाहिले. लंगडा कुत्रा ठेवून काय करायचं, असं त्यांचं मत पडलं. आता पावसाळ्यात बोटी बंद होतील. नारळी पौर्णिमेनंतर सुरू झाल्या की याला परत नेतो, साहेबांकडे बंदूक आहे. हे त्यांनी आमरसाची वाटी पुढे करत सांगितलं. मी रस वाढला.

ते गेल्यावर गुरांचे डॉक्टर आमच्या म्हशीला पाहायला आले, तेव्हा मी पिल्लूही दाखवलं. काय घालता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"कुत्रा पाळलाय की मुंज झालेला बटू?" ते म्हणाले. "सुकी मासळी द्या. बारीक, काट्यांसकट, पण बिनमिठाची. हाडं घट्ट झाली की मग उपाय नाही. पावसाळा तुमच्या हातात आहे."

सासूबाई पडवीत बसून सगळं ऐकत होत्या. विधवा, सोवळ्यातल्या, कांदासुद्धा न खाणाऱ्या. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या, "घरात आलेलं जनावर मारायला पाठवायचं नाही. विहिरीपलीकडे चूल मांड. भांडं वेगळं ठेव. आणि तिथून येताना पाय धुऊन ये."

आमच्या वाडीवर एक कोळीण वर्षानुवर्षं येई. तिला मी फाटकाशीच सांगितलं की एक पोतं सुकी मासळी टाक. तिने काही विचारलं नाही. संध्याकाळी पोतं आलं. वासाने डोळ्यांत पाणी आलं, पण मासळीचा वास असाच असतो अशी माझी समजूत. भातात शिजवून घातली. पिल्लाने भांडं चाटून पुसलं. दोन दिवसांनी त्याचं पोट नगाऱ्यासारखं टणक झालं आणि ते उठेना.

"पाखडली होतीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"मासळी कोण पाखडतं?"

"तांदूळ न पाखडता शिजवतेस का?"

मी सूप घेऊन विहिरीपलीकडे गेले. पाखडल्यावर मासळीइतकाच वाळूचा ढीग पडला. त्यात शिंपल्यांचा चुरा आणि खेकड्याची एक नांगी. पिल्लाला एरंडेल पाजलं आणि कोळणीला बोलावणं धाडलं.

ती आली ती तावातच. "वैनी, दर साली तुमच्या वाडीला मी काय घालतंय? खत. सुपारीच्या मुळात. किनाऱ्यावरची झाडून भरलेली. तीच घातली. आता पाखडून इचारता, वाळू का म्हनून?"

"मी खायची मागितली होती."

"तुमी? खायला?" तिने टोपली खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, "सासूबाय बऱ्या हायत ना?"

"बऱ्या आहेत. कुत्र्यासाठी हवी आहे."

"मंग तसं बोलायचं. मला वाटलं, यंदा वैनीला सुपारीची लय काळजी."

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. आमच्या घराने आजवर कोळणीकडून झाडांखेरीज कुणासाठी काही घेतलं नव्हतं.

एरंडेलाने काम केलं. दुसऱ्या दिवशी पिल्लू भिंतीला टेकून उभं राहिलं आणि कोळीण तीन टोपल्या घेऊन आली. एकीत बोंबील, दोहोंत जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी. सासूबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बऱ्याच लांब, पाटावर बसल्या आणि तिथून कारभार पाहू लागल्या.

"ते लांबडं नको. घशात अडकेल."

"आमची पोरं खातात आजी, अडकून मेलं न्हाय कोन," कोळीण म्हणाली. "आनि बोंबील मी कुत्र्याला देनार पन न्हाय. दाखवायला आनले. घरात जवळा खातो आमी, आनि बोंबील खानार तुमचा कुत्रा? माझा दादला मला इचारंल."

"त्या बारक्यातला कुठला चांगला?"

"दोनी चांगले. माझेच हायत."

"मूठभर घे," सासूबाई मला म्हणाल्या, "आणि वरून सोड. चिकटला तर दमट. वाजला पाहिजे."

दोन्ही वाजले. दोन्ही पाखडले, वाळू कशातच निघाली नाही. हे जाळ्यावर वाळवलेले होते. राहिलं मीठ. वळवाचं आभाळ आलं की टिकावा म्हणून जवळ्याला मीठ मारतात, हे कोळणीने स्वतःच सांगितलं. आपण कुठल्या टोपलीला मारलं, ते मात्र तिला आठवेना.

"जीभ लाव, कळंल," ती म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं.  त्यांनी पाट उचलला, सुपारीच्या झाडांकडे वळवून ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

"मला ऊन लागतंय," त्या म्हणाल्या. सावली तिकडेही नव्हती.

डावीकडचा खारट होता. आम्ही उजवीकडचा घेतला.

मग प्रश्न आला तो ठेवायचा. वाडीतल्या खोपटात पावसाळ्यात नारळाच्या दोरीलाही बुरशी येते. जवळा तिथे आठ दिवस टिकला नसता. कोरडी जागा दोनच, स्वयंपाकघरातला माळा आणि न्हाणीघरात पाणी तापवायच्या चुलीवरची फळी. माळ्याचं नाव मी काढलंच नाही. न्हाणीघराचंही काढायला दोन दिवस लागले.

"ठेव तिथे," सासूबाई म्हणाल्या. "मी विहिरीवर आंघोळ करीन."

"चार महिने? पावसात?"

"पाण्यात पाणी. त्यात काय?"

आणि त्यांनी ते केलं. पहाटे इरलं पांघरून त्या विहिरीवर जात, तेव्हा पिल्लू मागून जाई. त्या त्याला हाड म्हणत आणि ते पायरीवर बसून राही. श्रावणात त्यांना खोकला झाला. मी फळी रिकामी करते म्हटलं, तर म्हणाल्या, "माझी हाडं घट्ट झालीत. त्याची व्हायचीत."

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीने यजमान आले ते साखळी घेऊन. कुत्रा फाटकापर्यंत धावत गेला आणि त्यांच्यावर भुंकत उभा राहिला. त्यांनी बाहेरूनच त्याचे पाय बराच वेळ पाहिले. "सरळ झालेत की," ते म्हणाले, आणि साखळी पिशवीत ठेवली.

सासूबाई ओटीवरून पाहत होत्या. "उजवा झालाय," त्या मला म्हणाल्या. "डावा अजून वाकतो. मूठभर वाढव."