मॅडमकडे वेळ घेण्याची रीत

पार्लरमधल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाइकं येतात, पैसे देऊन दुखवून घेतात, डोळे पुसतात आणि जाताना किस्सा आमच्याकडे ठेवून जातात.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. धरमपेठेत मॅडमनी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. भुवया आणि वॅक्सिंग. माझा मुलगा वर्षाचा झाला तेव्हा मी तिथं दुपारी गिऱ्हाइकांच्या वेळा लावून द्यायला लागले. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुले नाही म्हणता येते का?"

मी "हो" म्हटलं. नाही म्हणता येत नाही, म्हणूनच.

"महिनाभर पाहू. नाही जमलं तर घरी."

मुलाला शेजारच्या काकू सांभाळत. तो रडत असेल असं मला सारखं वाटे, पण ही नोकरी टिकावी असंही फार वाटे. घरात निदान एक तरी गोष्ट माझ्या हिमतीवर हवी होती.

मॅडमचे नियम सोपे होते. वेळ घेतल्याशिवाय यायचं नाही. खुर्चीत बसल्यावर शिकवायचं नाही. ओरडलात तर हात थांबणार नाही, "थांबा" म्हणालात तर लगेच थांबेल.

एक प्राध्यापक बाई पूर्ण वेळ "आई गं, मेले, मेले" करत होत्या. वॅक्सची पट्टी ओढणं चालूच. शेवटी चिडून म्हणाल्या, "थांबला का नाहीत?"

"तुम्ही म्हटलंच नाही."

"मेले म्हणत होते ना."

"मेल्यावर कायचं दुखते?"

बाईंनी पुढच्या महिन्याची वेळ घेतली.

पुरुषांना पायरीच्या वर प्रवेश नव्हता. एक गृहस्थ स्कूटरवरूनच म्हणाले, "मिसेससाठी वेळ पाहिजे. जरा हळू करा म्हणावं."

आतून मॅडम, "त्यांनी सांगितलं का तुम्हीच सांगून राहिले?"

"मीच."

"मग तुम्ही या. तुमचं हळू करून देऊ."

ती स्कूटर एरवी ढकलून सुरू होत असे. त्या दिवशी एका किकमध्ये गेली.

एक आई मुलीला ओढत घेऊन आली. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. भुवया अशा, हात तसे, आईच्या सूचना संपेनात. मॅडमनी मुलीला विचारलं, "तुले करायचं आहे का वं?"

मुलगी म्हणाली, "नाही."

"मंग काहून आणलं हिले? आधी घरी ठरवा."

आठवड्यानं आई परत आली आणि स्वतःच खुर्चीत बसली. मुलगी बाकावर पेरू खात होती.

माझी चूकही सांगते. सराफाची बायको आणि बँकेतल्या बाई, दोघींना मी एकच वेळ देऊन बसले. दोघी एकदम आल्या. मॅडम रागावल्या नाहीत. मला त्यांच्या मधोमध उभं केलं. "इनं दोघीले हो म्हटलं. आता एकीले नाही बी इनंच म्हणावं."

सराफीणबाईंनी वेळ नंतर घेतली होती. मी त्यांना "उद्या या" म्हटलं. त्या गेल्या, आणि काहीच झालं नाही. त्या जोरावर घरी येऊन मुलाला बिस्किटासाठी 'नाही' म्हणून पाहिलं. तिथं हरले.

माझ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती. एक वयस्कर बाई आल्या आणि सरळ खुर्चीकडे निघाल्या. मी आडवी आले. "वेळ घेतली होती का?"

"मी तुझ्या मॅडमची सासू आहे."

"बसा," मी म्हटलं, "पण आज वेळ नाही."

आतला पट्टी ओढल्याचा आवाज थांबला. मॅडम बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेऊन. असं त्यांना आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. बाकावरच्या बायकांनी मासिकं मिटली.

"माझी सून आहेस का पार्लरवाली?" सासूबाईंनी त्यांना विचारलं. "बरं, उद्या येऊ का?"

मॅडमनी मान वर केली नाही. नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"मले काहून विचारता, आई? उद्या बी हीच राहील इथं. इले विचारा."