चौकटीतला दुसरा चेहरा

आधीच माफी मागतो. या सदरात मी आजवर फक्त वाचत आलोय. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना चुकेन ही धास्ती आहे. शिवाय असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

मी वाशीम जिल्ह्यातला. पुण्यात कर्वेनगरला दोघा मुलांबरोबर खोली घेऊन राहतो. बाबा गावाकडे पिकअपमधून भाजी बाजारात न्यायचे. यंदा दोनदा त्यांना गाडी चालवताना चक्कर आली. आता थांबा म्हटलं की एकच उत्तर – "तुह्याजवळ लायसन आलं की थांबतो." म्हणून अठरा पूर्ण होताच मी लर्निंग लायसनचा अर्ज भरला.

त्याची परीक्षा आता घरूनच देता येते, मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून. कॅमेऱ्यासमोर एकच माणूस हवा. दुसरा दिसला की परीक्षा रद्द. मध्येच फोन आला तरी ती बंद पडते, म्हणून धायरीचा माझा मित्र अनिकेत याने सेटिंगमध्ये जाऊन येणारे कॉल बंद करून दिले आणि तो दाराबाहेर जाऊन बसला. रविवार, सकाळचे सव्वाअकरा. रूममेट बाहेर गेलेले. खोलीत मी एकटा.

तिसऱ्या प्रश्नाला स्क्रीन थांबली. एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत, परीक्षा रद्द. मी ते मोठ्याने वाचलं.

"अहो ड्रायव्हरसाहेब," अनिकेत बाहेरून म्हणाला, "या खोलीत एक माणूस धड मावत नाही, आणि त्यांना दोन दिसतायत?"

मी हसलो. जागा बदलून कोऱ्या भिंतीला टेकून बसलो, पुन्हा सुरू केलं. या वेळी नीट पाहिलं. कोपऱ्यातल्या छोट्या चित्रात माझ्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती. आणि शेजारी, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, रिकाम्या भिंतीवर दुसरी. ती जरा हलत होती... मान डुलावी तशी. परीक्षा पुन्हा रद्द.

अनिकेतला आत बोलावून सांगितलं, ती भिंत दाखवली. त्याने भिंतीवरून हात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "शेवटचं एकदा कर. नाही झालं तर सोड आज."

तो बाहेर गेल्यावर तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हाही ती चौकट होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. पहिला प्रश्न उघडायच्या आत ती विझली. पुढचं सगळं सुरळीत झालं. पास. तेव्हा बारा वाजायला पंधरा मिनिटं होती.

सिस्टिमची चूक असेल. नंतर कॉलेजात कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, तेही तेच म्हणाले. भिंतीवर मात्र ना कॅलेंडर होतं, ना आरसा.

त्या दिवशी पास झाल्या झाल्या बाबांना सांगायचं म्हणून कॉल सुरू केले, आणि लगेच काकाचा फोन आला.

"कुठी होता रे? अर्ध्या तासापासून लावून रायलो!" काका रडत होता. "तुह्या बापाले रस्त्यातच झटका आला. आम्ही पोचलो तवा जीव होता, बोलत नव्हता. दवाखान्यात नेलं, पन... आता पाच मिनिटं झाले."

काकाच पुढे म्हणाला, "गाडी त्यानं बाजूले घेतली होती बापू, हँडब्रेक ओढला होता. पन तो स्टेरिंगवर नव्हता रे. शेजारच्या शिटावर सरकून बसेल होता. ड्रायव्हरची शीट मोकळी सोडून."