नंबर वाचणारे गुरुजी

आमगावात आमच्या वयाच्या निम्म्या लोकांना सेवकराम गुरुजींनीच अक्षर शिकवलं. पाढा चुकला तर ते मारत नसत, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. मार परवडला असता. मोठेपणी मी कॅमेरे बसवण्याचं दुकान टाकलं आणि २०११ साली गुरुजींच्या घरीही कॅमेरा बसवला. नसता बसवला तर बरं झालं असतं.

गुरुजींच्या पत्नीला, ललिताबाईंना, अर्धांगवायू झाला होता. बोलणं गेलं, ऐकू मात्र सगळं यायचं. मुलगा राजदीप बंगलोरला नोकरीत. त्याला सुटी मिळेना, म्हणून त्यानं कॅमेरा पाठवला. तिथे बसून इंटरनेटवर आई दिसेल, असा बेत. मी तो खाटेसमोर लावला. आवाज जात नव्हता, नुसतं चित्र.

त्यात एक खोड होती. लाइट गेली की मोडेम बंद पडायचा, आणि पुन्हा सुरू झाला की घराचा इंटरनेटवरचा नंबर बदललेला असायचा. जुन्या नंबरावर राजदीपला काही दिसायचं नाही, मग तो फोन करायचा. लाइट तर आमच्याकडे रोजच जायची. गुरुजी फोन स्पीकरवर टाकून, वर्गात शुद्धलेखन सांगावं तसा कॉम्प्युटरवर दिसणारा नवा नंबर वाचायचे, "एकशे सतरा, टिंब, दोनशे तीन, टिंब..." लिहून झालं की राजदीप विचारायचा, "आई जेवली का?" एवढ्यानं ललिताबाईंचे डोळे भरून यायचे.

मला हे पाहवेना. म्हाताऱ्या माणसानं रोज आकडे वाचायचे, मग माझ्या कामाची इज्जत काय राहिली? कोणी सांगितलं नसताना मी इंटरनेटवर एक कायमचं नाव नोंदवून घेतलं. नंबर कितीही बदलो, त्या नावावर कॅमेरा उघडणार. राजदीपला कळवलं. तो म्हणाला, "बरं केलं भाऊ, बाबांचा त्रास वाचला." मी शहाणा, छाती फुगवून घरी गेलो.

त्या दिवसापासून फोन बंद झाला. गुरुजींनी स्वतः लावला तर "मीटिंगमध्ये आहे बाबा, करतो नंतर."

आठवड्यानं गुरुजी दुकानात आले. "बिसराम, तो बदलणारा नंबरच बरा होता. परत आण."

"काऊन, गुरुजी? कॅमेरा तर मस्त चालून राहिला."

"कॅमेरा चालते गा. फोन नाही येऊन राहिला. ती दिवसभर फोनकडे पाहून राहते."

"रोज दिसून राहिली ना आई त्याले, मग फोन कायले करन?" मी त्यांनाच शिकवलं. ते उठले. घरी जाऊन त्यांनी मोडेमची वायरच काढून टाकली. आई दिसेनाशी झाली की पोरगा पहिल्यासारखा फोन करेल, एवढा साधा विचार. दोनेक दिवसांनी मला कळलं. मलाही वाटलं, करेल.

ते रोज ललिताबाईंची वेणी घालत, त्यांना उशीला टेकवून बसवत आणि फोन शेजारी घेऊन बसत. चौथ्या दिवशी त्यांनी फोन बिघडला का म्हणून मला तो तपासायला लावला. फोन ठणठणीत होता.

बाराव्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो असताना घंटी वाजली. गुरुजींनी घाईनं स्पीकर लावला.

"बाबा, आई आता छान दिसते हो," राजदीप म्हणाला. "सकाळीच पाहिलं मी. चेहरा टवटवीत झाला तिचा."

मोडेमची काढलेली वायर माझ्यासमोर, खाटेमागच्या भिंतीला लोंबत होती. मी तोंड उघडणार, तोच गुरुजींनी हात वर करून मला गप्प केलं.

"हो," ते म्हणाले. "बरी आहे ती."

ललिताबाई रडत होत्या, आनंदानं. मला तिथे बसवेना. मी ओसरीवर आलो, मागून गुरुजी आले. मी चपला घालू लागलो.

"तिले नको सांगू," ते हळूच म्हणाले. "तिले वाटते, पोरगा रोज पाहते."

मी विचारलं, "गुरुजी, वायर लावून देऊ का?"

"कायले?" गुरुजी म्हणाले.